उसना दम

कुक्षीहून इंदूरला जावयाचे म्हणजे विंध्य पर्वत चढावयाचा. खाली नर्मदेच्या खोऱ्यातला निमाड, वर माळव्याचे पठार, आणि दोहोंच्या मध्ये हा पुराणपुरुष आडवा पहुडलेला! बागच्या वाटेने धारला जा, की मनावर-धामनोदच्या वाटेने जा. घाट काही चुकत नाही. अठराव्या शतकात पवारांच्या फौजा दक्षिणेतून माळव्यात आल्या, तेव्हा त्यांची काटक भीमथडी तट्टे ह्याच पर्वताच्या खिंडी चढून गेली असतील. पुढे धारला आणि देवासला पवारांची राज्ये झाली. कुक्षी हा धार संस्थानातील एक परगणा होता. १९४८ साली ही संस्थाने मध्यभारतात विलीन झाली, तट्टे केव्हाच गेली, घाटातून डांबरी रस्ते झाले. चढ मात्र होता तेथेच आहे, आणि तो चढावयास आजही अश्वशक्तीच लागते.

आमच्या घरची अश्वशक्ती बेताचीच. आमची गाडी म्हणजे मारुती ८००. आमच्यातील थोरल्याच्या जन्माआधी घेतलेली, म्हणजे मानाने आमची ताईच म्हणावयाची. वजन साडेसहाशे किलोच्या आसपास, इंजिन ७९६ घनसेंटिमीटरचे, सिलिंडर तीन, आणि अश्वशक्ती चाळीसच्या आत. सपाटीवर ती मोठ्या ऐटीत चालते. परंतु आत पाच माणसे, मागे सामान आणि समोर घाट असा योग आला, की तिचा स्वर बदलतो. मालमोटारी कर्णा वाजवीत पुढे जातात, बाबा वातानुकूलन बंद करतात, आणि मागल्या आसनावरून आजी म्हणते, "हिला दम लागला रे! थांबवा जरा, पाणी पाजा." आजीला दर दोन महिन्यांनी तपासणीसाठी इंदूरला न्यावे लागते. त्यामुळे ही गाडी आमच्या घरी हौसेची वस्तू नाही. ती आजीची वाट आहे.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही तिघे भावंडे कुक्षीला असताना थोरल्याच्या डोक्यात एक कल्पना शिरली, आणि दोन दिवसांत ती आम्हा तिघांचीही झाली. गाडीला टर्बोचार्जर बसवावयाचा! गावातल्या मिस्त्रीजींच्या गॅरेजमध्ये एका मोडीत निघालेल्या डिझेल जीपचा टर्बो कोपऱ्यात पडून होता. मिस्त्रीजी माणूस हौशी. ते म्हणाले, "नळ्या जोडून देतो. मग बघा गाडी कशी पळते ती." आता केवळ बाबांची संमती तेवढी राहिली.

बाबांचे कापडाचे दुकान. त्यांनी नाही म्हटले नाही, आणि होही म्हटले नाही. दुकानातील एक कोरी वही आमच्यापुढे ठेवून ते म्हणाले, "डाव्या पानावर जमा लिहा, उजव्या पानावर खर्च. रुपयांचा नव्हे, गाडीचा. जास्तीची ताकद कोठून येते ते जमेत, आणि ती कोणाकोणाला सोसावी लागते ते खर्चात. दोन्ही पाने भरली की मला दाखवा. मग बॉनेट उघडू." आम्हांला वाटले, एका संध्याकाळचे काम! त्याला तीन आठवडे लागले.

जमेच्या पानावरील पहिली नोंद श्वासाची झाली. इंजिन हा श्वास घेणारा प्राणी आहे. चार धावांचे इंजिन दर दोन फेऱ्यांत एकदा पूर्ण श्वास घेते. मिनिटाला ५००० फेरे धरले तर २५०० श्वास. प्रत्येक श्वास ७९६ घनसेंटिमीटरचा. गुणाकार करता मिनिटाला १९९० लिटर हवा होते. जाळी, नळ्या आणि झडपा ह्यांच्या अडथळ्यामुळे प्रत्यक्षात त्यातील पाचापैकी चार हिस्सेच आत जातात असे मानले, तरी १६०० लिटर उरतात. पाण्याची मोठी पिंपे २०० लिटरांची असतात. तशी आठ पिंपे हवा दर मिनिटाला! स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सुमारे ७ लिटर हवा घेतो. म्हणजे आमची चिमुकली मारुती भर वेगात सव्वादोनशे माणसांचा श्वास एकटी घेते. हा हिशेब धाकटीने केला, आणि त्या दिवसापासून तिने गाडीला नावे ठेवणे सोडले.

पेट्रोलचा एक ग्रॅम नीट जळावयास सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. त्यामुळे अधिक शक्तीसाठी नुसते पेट्रोल अधिक ओतून भागत नाही. त्याच्या प्रमाणात हवाही आत गेली पाहिजे. चुलीत लाकडे कितीही कोंबली तरी जाळ होत नाही, धूरच होतो. तेथे फुंकणी हवी. टर्बोचार्जर ही इंजिनाची फुंकणी होय. मात्र तिची गंमत अशी, की ही फुंकणी फुंकतो कोण? तर चुलीचाच धूर! पेट्रोलमधील उष्णतेचा साधारण तिसरा हिस्सा सायलेन्सरवाटे बाहेर वाया जातो. त्या वेगवान तप्त वायूच्या वाटेत एक चक्र ठेवावयाचे. वायूच्या झोताने ते फिरते. त्याच्याच कण्यावर दुसऱ्या टोकाला आणखी एक चक्र असते. ते बाहेरची हवा ओढून, दाबून इंजिनात लोटते. एक चक्र टाकाऊ वायूच्या घरात, दुसरे ताज्या हवेच्या घरात, आणि दोघांना जोडणारा एक बोटभर कणा. मूळ यंत्र एवढेच.

ही कल्पना स्वित्झर्लंडचा अभियंता आल्फ्रेड ब्यूखी ह्याची. १९०५ साली त्याने तिचे पेटंट घेतले. पुढे विमाने आली आणि उंचावर हवा विरळ झाल्यामुळे त्यांची इंजिने गुदमरू लागली, तेव्हा ह्या कल्पनेचे मोल जगास कळले. १९१८ साली अमेरिकेत सँफर्ड मॉस नावाच्या अभियंत्याने एक विमानाचे इंजिन मालमोटारीवर लादून कोलोरॅडोतील पाइक्स पीक ह्या सुमारे ४३०० मीटर उंच शिखरावर नेले. सपाटीवर ३५० अश्वशक्ती देणारे ते इंजिन शिखरावर सुमारे २३० वर आले. टर्बो जोडताच ते पुन्हा ३५६ देऊ लागले. ही हकीकत वाचून आम्ही टाळ्या पिटल्या. पर्वत आणि दम लागलेले इंजिन! ही तर आमचीच कथा!

परंतु वहीत आकडे मांडताच उत्साह थोडा थंडावला. निमाडातून माळव्यावर चढताना उंची वाढते ती तीन-चारशे मीटर, आणि तेवढ्याने हवेचा दाब घटतो तो सुमारे ४ टक्के. आमच्या गाडीच्या बाबतीत हा तोटा दीड अश्वशक्तीचा झाला. लेहला साडेतीन हजार मीटरांवर दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशापर्यंत उतरतो. तेथील गोष्ट वेगळी. विंध्यावर आमच्या गाडीला लागणारा दम हवेच्या विरळपणाचा नव्हता. तो कशाचा होता, हे आम्हांला पुढे कळले.

मधल्या काळात मिस्त्रीजींनी तो टर्बो आमच्या हाती दिला. पाठीला पाठ लावून बसलेल्या दोन गोगलगायी असाव्यात तसा त्याचा आकार. एक गंजक्या बिडाची, दुसरी पांढुरक्या अॅल्युमिनियमची. मिस्त्रीजींनी कणा चिमटीत धरून आत-बाहेर व आडवा हलवून पाहिला, आणि मान हलवली. कण्याला खेळ आला होता, आणि चक्राच्या पात्यांनी आतील भिंत खरवडली होती. लहान टर्बोचा कणा मिनिटाला दोन लाख फेऱ्यांपर्यंत फिरतो. एवढ्या वेगाला नुसती धातूवर धातू टिकत नाही. तो कणा तेलाच्या अतिशय पातळ थरावर तरंगत असतो. चढ चढून तापलेली गाडी ढाब्यावर थांबवून चालकाने लगेच किल्ली फिरवली, की तेलाचा प्रवाह थांबतो, तापलेल्या कण्याभोवतीचे तेल जळून त्याचा कोळसा होतो, आणि पुढील प्रवासात तोच कोळसा कण्याला खातो. म्हणून टर्बोच्या गाडीने मोठा चढ चढून आल्यावर इंजिन मिनिटभर मंद चालू ठेवावे, असे जुने चालक सांगतात. कोपऱ्यातल्या त्या मोडक्या टर्बोत कोणा अधीर माणसाची सवय कोरलेली आम्हांस दिसली.

आणखी एक गोष्ट मिस्त्रीजींनी आपण होऊन सांगितली. तो टर्बो आमच्याहून तिपटीने मोठ्या इंजिनासाठी घडवलेला. आमच्या इंजिनाचा धूर त्याला पुरेसा फिरवू शकलाच तर अगदी वरच्या वेगात. घाटात, जेथे फेरे कमी आणि गरज जास्त, तेथे तो झोपलेलाच राहणार. शिवाय डिझेलपेक्षा पेट्रोलचा धूर अधिक तप्त, ९०० अंशांच्या घरात जाणारा. तो झेलण्याची त्या चक्राची तयारी नसते. पाहुण्याचा अंगरखा यजमानाला होतोच असे नाही, हे आम्ही वहीत लिहून ठेवले.

येथे एक अभिमानाची गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. टर्बो म्हणजे कोठल्या तरी परदेशी शर्यतीतली वस्तू, असे आम्ही समजत होतो. शोध घेता कळले, की टाटा आणि इंग्लंडमधील हडर्सफील्डची होल्सेट ह्यांच्या भागीदारीतून टर्बोचार्जर बनविणारा कारखाना आमच्या शेजारी देवासलाच उभा राहिला. पुढे तो कमिन्स समूहाकडे गेला. आमच्या धार जिल्ह्यातील पीथमपुरात आयशर आणि व्होल्वो ह्यांच्या संयुक्त कंपनीचा इंजिनांचा कारखाना २०१३ साली सुरू झाला. घाटात कर्णा वाजवीत आम्हांला मागे टाकणाऱ्या मालमोटारींच्या पोटात टर्बोच असतो. व्होल्वोने आपली पहिली टर्बोची मालमोटार १९५४ साली बाजारात आणली होती. ज्या धार-देवासकडे लोक इतिहासाचे अवशेष पाहावयास येतात, तेथेच ही आधुनिक फुंकणी घडते, हे आमच्या वर्गातील किती जणांस ठाऊक असेल?

जमेचे पान असे भरले. आता खर्चाचे.

पहिले कलम उष्णतेचे. सायकलीत हवा भरताना पंपाचे तोंड तापते, हे आपण सर्वांनी अनुभवले आहे. हवा दाबली की तापते. टर्बोने बाहेरच्या दाबाच्या दीडपट दाब केला असे मानू. निमाडच्या उन्हाळ्यात बाहेरची हवा ४० अंशांची. दाबल्यावर ती सुमारे १०० अंशांची होते! तापलेली हवा फुगते, त्यामुळे दाब दीडपट झाला तरी हवेचे वजन दीडपट होत नाही. आमच्या हिशेबाने ते सव्वापटीच्या किंचित वर गेले. उरलेला लाभ हवा असेल तर मध्ये आणखी एक रेडिएटरसारखी जाळी, म्हणजे इंटरकूलर, बसवून हवा थंड करावी लागते. तिने हवा ६० अंशांवर आणली, तर वजन सुमारे १.४ पट होते. मात्र त्या जाळीला जागा हवी आणि समोरून वारा हवा; घाटात सावकाश चढणाऱ्या गाडीला वारा तरी कोठून मिळणार?

दुसरे कलम आगीचे. पेट्रोल इंजिनात ठिणगी पडल्यावर ज्योत एका बाजूने दुसऱ्या बाजूकडे शिस्तीने सरकली पाहिजे. तापलेली, दाबलेली हवा असली, की ज्योत पोहोचण्याआधीच कोपऱ्यातील मिश्रण आपोआप भडकते आणि पिस्टनवर हातोडा मारल्यासारखा आवाज येतो. ह्यालाच गॅरेजमध्ये नॉकिंग म्हणतात. हे फार वेळ चालले तर पिस्टनला भोक पडते, नाहीतर हेड गॅस्केट उडते. ते टाळण्यासाठी पेट्रोल नेहमीपेक्षा अधिक द्यावे लागते, ठिणगी उशिरा पाडावी लागते आणि दाब एका मर्यादेवर जाताच धूर परस्पर बाहेर सोडणारी झडप नीट चालावी लागते. आमच्या गाडीत पेट्रोल किती सोडावयाचे हे एक लहानसा संगणक ठरवतो, आणि त्या बिचाऱ्याच्या पाठात टर्बो हा धडाच नाही. दाब वाढला तर तो किती पेट्रोल देईल ह्याचे उत्तर आमच्यापाशी नव्हते, आणि मिस्त्रीजींपाशीही नव्हते.

ह्या कलमाखाली आम्ही एक खरी घटना लिहिली. १९६२ साली अमेरिकेतील ओल्ड्समोबील कंपनीने जेटफायर नावाची गाडी काढली. टर्बो घेऊन बाजारात आलेल्या पहिल्या मोटारींपैकी ती एक. २१५ घनइंचांच्या इंजिनातून २१५ अश्वशक्ती, अशी तिची ख्याती. नॉकिंग टाळण्यासाठी पाणी आणि मद्यार्क ह्यांचे एक मिश्रण वेगळ्या टाकीत भरावे लागे. पण रोजच्या वापरातला माणूस पेट्रोल भरावयास विसरत नाही; दुसरी टाकी मात्र विसरतो. ती रिकामी राहिली की यंत्रणा टर्बोचा दाब रोखून धरी, आणि मालक म्हणे, गाडीत जोर नाही! दोन वर्षांत गाडी बंद झाली. पुढे अनेकांच्या गाडीतील टर्बो काढून त्या जागी साधा कार्बोरेटर कंपनीनेच बसवून दिला. जे काम निष्णात अभियंत्यांच्या कारखान्याला रोजच्या माणसाच्या हाती टिकवता आले नाही, ते आम्ही एका सुट्टीत करावयास निघालो होतो!

ह्यावर थोरला म्हणाला, "पण सुझुकीने केलेच ना?" त्याचे म्हणणे खरे होते. आमच्या गाडीच्याच कुळातील आल्टो वर्क्स ही चिमुकली गाडी जपानमध्ये १९८७ साली निघाली. इंजिन अवघे ५४३ घनसेंटिमीटरचे, तीन सिलिंडरांचे, आणि टर्बोसह ६४ अश्वशक्तीचे. आपल्याकडे २०१७ साली टाटांची नेक्सॉन निघाली, ती पुण्याजवळच्या रांजणगावी घडते. तिचेही पेट्रोल इंजिन तीन सिलिंडरांचेच, आणि टर्बोच्या बळावर ११० अश्वशक्तीचे. म्हणजे लहान इंजिनाला टर्बो सोसत नाही असे मुळीच नाही. पण तेथे पिस्टनपासून तेलाच्या वाटेपर्यंत आणि रेडिएटरपासून संगणकापर्यंत सर्व घर त्या एका पाहुण्यासाठी आधी सजवलेले असते. आम्ही पाहुणा आधी आणून मग घर बांधावयास निघालो होतो.

तिसरे कलम उतरणीचे. विंध्य जितका चढावयाचा तितकाच परतताना उतरावयाचा. मानपूर आणि धामनोद ह्यांच्या मधला गणपती घाट ब्रेक निकामी होऊन झालेल्या अपघातांसाठी कुप्रसिद्ध आहे. धावत्या गाडीतील ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ६० ऐवजी ८० किलोमीटर वेग झाला, तर ब्रेकना पावणेदोन पटींहून अधिक ऊर्जा गिळावी लागते. टर्बो इंजिनाला बळ देईल; ब्रेकना, चाकांना आणि क्लचला कोण देणार?

चौथे कलम कायद्याचे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ ह्याच्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणीपुस्तकातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल असा फेरफार मालकाला गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच उचलून धरले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा फेरफाराबद्दल सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा प्रत्येक फेरफारामागे ५००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. शिवाय अपघात झाला तर विमा कंपनी भरपाई नाकारू शकते. पहिल्या तीन कलमांना पैशाने आणि श्रमाने काही ना काही उत्तर निघू शकले असते. ह्या चौथ्याला निघेना.

वही बाबांपुढे ठेवली. त्यांनी ती दुकानाच्या वहीसारखी, बोट ठेवून, ओळीओळीने वाचली आणि एकच प्रश्न विचारला, "ह्या गाडीत आजी बसणार आहे, घाटाच्या मध्यावर हिचा पिस्टन गेला तर?" कोणी काही बोलले नाही. थोरल्याने वही मिटली. त्याच्या चेहऱ्यावरील खिन्नता आम्हांस अजून आठवते. कारण कल्पना त्याची होती, आणि हिशेबही त्यानेच सर्वांत प्रामाणिकपणे केला होता.

तथापि वहीचे एक पान अजून कोरे होते, आणि एक प्रश्न अनुत्तरित होता. गाडीला दम लागतो तो कशाने? थोरल्यानेच पुन्हा पेन्सिल उचलली. माणसे व सामान धरून गाडीचे वजन १००० किलो. चढ पंधरास एक. वेग ताशी ४० किलोमीटर. एवढे वजन त्या वेगाने वर उचलण्यास सुमारे १० अश्वशक्ती लागतात. चाकांचे घर्षण व वाऱ्याचा विरोध ह्यांसाठी आणखी पाच-सहा धरल्या, तरी बेरीज सोळाच्या आसपास. गाडीपाशी चाळीसच्या आत का होईना, पण ह्याच्या दुपटीहून अधिक शक्ती होती! मग ती जात होती कोठे? ती कोठेच जात नव्हती. ती मागितलीच जात नव्हती. इंजिनाची पुरी शक्ती ५००० फेऱ्यांना मिळते. २००० फेऱ्यांना तिच्या निम्मीही मिळत नाही. बाबा पेट्रोल वाचावे म्हणून घाटातही गाडी शक्य तेवढी वरच्या गिअरमध्ये रेटीत. इंजिन कण्हू लागल्यावर गिअर बदलावयाचा. तोवर वेग गेलेला, आणि मागून कर्णा!

मग आम्ही मिस्त्रीजींच्या देखरेखीखाली गाडीचे जे होते ते तिला परत दिले. हवेची जाळी धुळीने भरली होती, ती बदलली. प्लग नवे बसवले, झडपांची फट मापून नीट केली, चाकांतील हवा पुस्तकात लिहिल्याप्रमाणे भरली. टपावरील लोखंडी कॅरियर आणि डिकीत वर्षानुवर्षे फिरणारे दुकानातील जुने सामान उतरवले. आमच्या हिशेबाने चढावर प्रत्येक १०० किलोमागे एक अश्वशक्ती वाचते. ब्रेकचे तेल बदलले. सर्वांत अवघड दुरुस्ती बाबांची होती: चढ लागण्याआधीच खालचा गिअर टाकावयाचा, आणि इंजिनाच्या मोठ्या आवाजाला भ्यावयाचे नाही. तीही त्यांनी मनावर घेतली. पुढच्या खेपेस घाट चढताना मालमोटारींनी आम्हांला गाठले नाही असे नाही. पण गाडी कण्हली नाही, थांबावे लागले नाही, आणि आजी माथ्यापर्यंत डुलकी काढीत होती.

ह्यावरून आम्ही टर्बोचे वैरी झालो, असा ग्रह कोणी करून घेऊ नये. उलट ते यंत्र आम्हांला आता अधिकच प्रिय झाले आहे. ज्याला ते हाताने जोडून शिकावयाचे असेल, त्याला जागा आहेत: औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयात चौकटीवर बसवलेले जुने इंजिन, जेथे चुकले तर धातू मोडतो, माणूस नव्हे. वेगाची परीक्षा घेण्याची जागाही आहे. पीथमपूरच्या नॅट्रॅक्स संस्थेत ११.३ किलोमीटरांचा लंबगोल वेगमार्ग २९ जून २०२१ रोजी सुरू झाला. तेव्हाचे केंद्रीय मंत्री प्रकाश जावडेकर ह्यांनी त्याचे उद्घाटन केले. कंपन्या आपल्या गाड्या तेथे पारखतात, म्हणजे त्यांना सार्वजनिक रस्त्यावर ते करावे लागत नाही. त्याच पीथमपुरात २००७ साली महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची बाहा ही स्पर्धा सुरू झाली. विद्यार्थी स्वतः गाडी घडवतात आणि खाचखळग्यांतून पळवतात. तिच्या मूळ नियमाप्रमाणे सर्व संघांना सारख्याच शक्तीचे लहानसे इंजिन मिळते, आणि त्यात फेरफार करण्यास सक्त मनाई असते. जिंकावयाचे ते वजन कमी करून, गिअर नेमके निवडून, सांगाडा मजबूत करून. हा नियम वाचून थोरला खुदकन हसला. तीन आठवडे आम्ही वहीत जे शोधीत होतो, ते तेथे पहिल्याच पानावर लिहिलेले होते! दोन वर्षांनी त्याच स्पर्धेत उतरण्याचा त्याचा निश्चय आहे.

नव्याने ह्या वाटेस लागणाऱ्या आमच्या मित्रांना आमची एवढीच विनंती आहे. आधी वही करा. आपल्या इंजिनाचा श्वास मोजा, वजन मोजा, चढ मोजा. आहे ती शक्ती पुरती वापरली जाते का ते पाहा. त्यानंतरही अधिक शक्ती हवीच असेल, तर ती ज्याच्या ज्याच्या अंगावर पडणार आहे, त्या प्रत्येक भागाचे नाव खर्चाच्या पानावर लिहा. पाहुण्या शक्तीचे ऋण कोणी ना कोणी फेडतोच. गॅस्केटने फेडले तर ठीक. आजीने फेडावे असे होता कामा नये.

तो मोडका टर्बो मिस्त्रीजींनी आम्हांला तसाच देऊन टाकला. रॉकेलने धुऊन, एका बाजूचे कवच कापून, तो आम्ही आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेत ठेवला आहे. खिडकीजवळच्या टेबलावर, सूक्ष्मदर्शकाच्या शेजारी. एका चक्रावर फुंकर घातली की दुसरे फिरते. ज्यांना पाहावयाचे असेल त्यांनी मधल्या सुट्टीत अवश्य यावे.